स्पीकरची वायर भिंतीत गाडू नका, विजेच्या पाईपमध्येही घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या एका खोलीचे थिएटर कसे करावे यावर जो लेख आला, तो मी दोनदा वाचला. पडदा, खुर्च्या, भिंतींचा रंग याविषयी त्यात लिहिलेले मला पटले. स्पीकरच्या वायरींना मात्र जेमतेम चार ओळी मिळाल्या आहेत, आणि त्यांतल्या दोन अशा आहेत की त्या तशाच राहिल्या तर आमच्या किनारपट्टीवरच्या कोणाच्या तरी घरात नुकसान, आणि एखाद्या घरात अपघातही, व्हायचा. मी एकतीस वर्षे वायरमनचे काम केले, त्यातली बहुतेक देवगड आणि मालवण तालुक्यांत. आता शिडीवर चढणे थांबवले आहे. पण गणपतीच्या आधी महिनाभर मुंबईकर चाकरमान्यांचे फोन सुरू होतात आणि त्यांत टीव्ही, साउंडबार, ५.१ चा सेट (पाच स्पीकर आणि खर्जाच्या आवाजाचा एक सबवूफर) यांची चौकशी दरवर्षी वाढतच आहे, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

लेखातली पहिली चुकीची सूचना अशी की, खर्च वाचवायचा असेल तर स्पीकरची वायर दिव्या-पंख्याच्या पाईपमधूनच ओढून घ्यावी. हे करू नये, आणि त्याचे कारण लोक समजतात ते, म्हणजे घरघर येण्याचे, नाही. स्पीकरच्या वायरीत अॅम्प्लिफायरकडून चांगल्या ताकदीचा प्रवाह जात असतो आणि तिच्या टोकाला अवघ्या ४ ते ८ ओहम रोधाचा (म्हणजे प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा) स्पीकर असतो, त्यामुळे शेजारच्या विजेच्या वायरीची घरघर तिच्यात सहसा ऐकू येण्याइतकी शिरत नाही. प्रश्न जिवाचा आहे. पाईपमधली २३० व्होल्टची वायर कुठे तरी सोलली गेली, म्हणजे ओढताना बेंडच्या कडेला घासली, उंदराने कुरतडली किंवा जुन्या सांध्यावरची टेप सुटली, तर ती वीज स्पीकरच्या वायरीवर उतरते आणि तिथून अॅम्प्लिफायरच्या मागच्या उघड्या टर्मिनलांवर येऊन बसते. त्या टर्मिनलांना घरातले कोणीही बेधडक हात लावते, कारण ती ‘आवाजाची वायर’ आहे असे सगळ्यांना ठाऊक असते. शिवाय सेटबरोबर येणाऱ्या बारीक वायरीचे आवरण विजेच्या दाबासाठी केलेलेच नसते. स्पीकरच्या वायरीला स्वतंत्र पाईप हवा, तो विजेच्या पाईपपासून फूटभर दूर हवा, आणि दोन्ही पाईप एकमेकांना ओलांडायचेच झाले तर ते काटकोनात ओलांडावेत. घरघर खरोखर शिरते ती सबवूफरला जाणाऱ्या वायरीत, कारण स्वतःचा अॅम्प्लिफायर असलेल्या सबवूफरला मिळणारा सिग्नल अगदी क्षीण असतो. तिथे जाळीचे आवरण असलेली, म्हणजे शील्ड असलेली, वायरच वापरावी लागते. लेखात या दोन वायरींची सरमिसळ झाली आहे.

दुसरी सूचना, ‘वायर दिसू नये म्हणून प्लास्टरखाली दाबून घ्यावी’, ही मी स्वतः भोगली आहे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने आमच्या पुढच्या खोलीची कौले उडवली, तेव्हा तिच्यावर स्लॅब घालून घेतला आणि त्याच धामधुमीत मुलाने मुंबईहून आणलेल्या सेटच्या वायरी ठेकेदाराने भिंतीला झिरी मारून थेट प्लास्टरखाली घातल्या. मी त्या वेळी गावात नव्हतो. असतो तरी अडवले असते की नाही, सांगता येत नाही, कारण लोकांना पाईप घाला म्हणून सांगणाऱ्याच्या घरात दिव्याखाली अंधार असायचाच. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या डाव्या स्पीकरचा आवाज बारीक झाला, श्रावणात तो खरखरू लागला आणि गणपतीत, घर माणसांनी भरलेले असताना, बंदच पडला. मुलाने स्पीकर बिघडला असे धरून नवीन मागवायची तयारी केली होती. मी एक सुटी वायर जमिनीवरून नेऊन त्याच स्पीकरला जोडली, तर तो खणखणीत वाजला.

मग भिंत फोडली. पश्चिमेची भिंत, जिच्यावर पावसाची झड थेट बसते. चिऱ्याची असल्यामुळे आतून ओल धरून ठेवणारी. छिन्नीने प्लास्टर उडवले तेव्हा वायर एका जागी वीतभर फुगलेली दिसली. गवंड्याची थापी तिथे लागली असावी, कारण आवरणावर एक बारीक चीर होती. ब्लेडने आवरण उभे कापले, तर आत तार अशी उरलीच नव्हती. ओलसर, करड्या-पांढऱ्या पुडीचा थर होता, त्यात मधूनमधून हिरवट ठिपके, आणि नखाने उकरताच दोन-तीन धागे मोडून बोटाला चिकटले. तांब्याला हिरवा गंज चढतो हे माझ्या परिचयाचे होते. पांढरी पूड तांब्याची नसते, आणि तिथेच वायरीची जात कळली.

बाजारात ‘कॉपर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्पीकर वायरींपैकी बऱ्याच वायरींचा गाभा अॅल्युमिनियमचा असून त्याच्यावर तांब्याचा पातळ थर असतो. पुडक्यावर बारीक अक्षरात ‘सीसीए’ असे लिहिलेले असते, कधी तेही नसते. ही वायर कोरड्या हवेच्या गावात बरी चालते. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट असतो, इतकेच. आमच्याकडे मात्र हवेतच मीठ आहे. दोन निराळे धातू एकमेकांना चिकटून आणि त्यांच्यामध्ये खारट ओलावा, हा शाळेच्या प्रयोगशाळेतला विद्युत घटच झाला, आणि त्या घटात झिजतो तो अॅल्युमिनियम. वायरीची कापलेली टोके आणि आवरणाला पडलेल्या चिरा, या दोन जागांतून ही झीज सुरू होते आणि आवरणाच्या आत लपून पुढे सरकत राहते.

वायर ओळखणे कठीण नाही. पुडके हातात घेऊन तोलून पाहावे. तांबे अॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड असल्यामुळे नकली वायरीचे पुडके आकाराच्या मानाने चटकन हलके लागते. टोकाचा एक धागा ब्लेडने खरवडावा. बाहेर तांबूस आणि आत पांढरा निघाला तर ती वायर परत करावी. उलट, बाहेर पांढरा आणि आत तांबूस निघाला तर ती घ्यावी, जरा महाग असली तरी घ्यावी, कारण ती कथलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर असते आणि बोटींवरच्या वायरिंगसाठी मुख्यतः हीच वापरतात. आमच्या आजीच्या पिढीला हे समजावून सांगावे लागले नसते. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकते म्हणून कल्हईवाल्याची वाट पाहणारी ती माणसे. कल्हई केलेली तार खाऱ्या हवेत का टिकते, हे त्यांना एका वाक्यात कळले असते. मुलाम्याची वायर तालुक्याच्या गावी सहज मिळत नाही, ही अडचण खरी. ती न मिळाल्यास आयएसआय चिन्हाची, आयएस ६९४ प्रमाणे केलेली, घरगुती वायरिंगची तांब्याची वायर खुशाल घ्यावी. ९० मीटरचे लाल वेटोळे एक आणि काळे एक घेतले, दोन्ही वायरींना एकत्र सैलसर पीळ देऊन पाईपमध्ये ओढले, की पाच स्पीकरांच्या खोलीचे काम होऊन वर थोडी उरते. काही जाणकार या सल्ल्यावर नाक मुरडतील, पण मला तरी आजवर कानाने फरक ओळखणारा मनुष्य भेटलेला नाही. एक पथ्य मात्र पाळावे: ही वायर दिसायला विजेच्या वायरीसारखीच असल्यामुळे प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधावी, नाही तर दहा वर्षांनी येणारा वायरमन तिला फेज, म्हणजे विजेची जिवंत वायर, समजेल किंवा, त्याहून वाईट, फेजला ती समजेल.

आता जाडीचा हिशेब. लेखात ‘चांगली जाड वायर घ्यावी’ एवढेच म्हटले आहे. जाड म्हणजे किती हे अंतरावर आणि स्पीकरच्या ओहमवर अवलंबून असते. वायरीचा जाऊन-येऊन एकूण रोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत राहिला की पुरे, हा जुना आणि भरवशाचा ठोकताळा आहे. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला ०.४ ओहम, ६ ला ०.३ आणि ४ ला ०.२. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो, आणि प्रवाह जातो त्या वाटेने परतही येतो, म्हणून लांबी दुप्पट धरायची. सोळा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत अॅम्प्लिफायरपासून मागच्या स्पीकरपर्यंतचे अंतर डोळ्यांना वीस फूट दिसते. परंतु वायर पाखरासारखी हवेतून उडत जात नाही, ती भिंतीने वर चढते, दरवाजाला वळसा घालते, कोपरे घेते आणि पुन्हा खाली उतरते, त्यामुळे प्रत्यक्षात चाळीस फूट, म्हणजे १२ मीटर, सहज लागतात. माझी पद्धत अशी की वायर घेण्यापूर्वी त्या सगळ्या वाटेने सुतळी लावून पाहायची आणि मग सुतळी मोजायची. त्यावर दोन्ही टोकांना दीड-दीड फूट जास्त धरायची. १२ मीटरला ‘दीडची’, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची, वायर ०.२८ ओहमच्या आसपास येते, ‘अडीचची’ ०.१७ च्या आत, आणि ‘एकची’ ०.४१. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला दीडची भरपूर झाली, ४ ओहमच्या स्पीकरला अडीचची हवी. सेटबरोबर येणारी केसासारखी वायर पुष्कळदा एक-तृतीयांश चौरस मिलिमीटरच्या आसपास असते. १२ मीटरला तिचा रोध सव्वा ओहमवर जातो, आणि ६ ओहमच्या स्पीकरला हे २० टक्के झाले. ती वायर कंपनीने दिली आहे म्हणून तीच लावली पाहिजे, असा समज आमच्याकडे फार आहे.

मी स्वतः सगळीकडे अडीचचीच घालायला सांगतो. दीडची आणि अडीचची यांच्या किमतीतला फरक एकदाच द्यावा लागतो, आणि पुढे कोणी ४ ओहमचे स्पीकर आणले तर पाईप पुन्हा उघडावा लागत नाही.

ऑक्सिजनविरहित तांब्याच्या नावाखाली मीटरला शेकड्याने रुपये मागणाऱ्यांविषयी फार लिहीत नाही. साध्या विद्युत प्रतीच्या तांब्यापेक्षा त्याची वाहकता एखाद्या टक्क्यानेच जास्त भरते. तेवढे साधायला वायर किंचित जाड घेतली की झाले. डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या वायरी समान लांबीच्या हव्यात हाही एक बाऊ आहे. वायरीतून सिग्नलला एक मीटर जायला काही नॅनोसेकंद लागतात. हवेतून आवाजाला एक फूट यायला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे लाखपटीहून अधिक. खुर्ची फूटभर सरकवल्याने जो फरक पडतो त्याच्यापुढे वायरीची लांबी कुठेच नाही, आणि स्पीकरांची अंतरे अॅम्प्लिफायरच्या मेनूमध्ये भरता येतात ती त्यासाठीच.

वायर नेण्याच्या बाबतीत आमच्याकडच्या घरांचे तीन प्रकार पडतात. स्लॅब पडायचा असेल तर त्यासारखी संधी नाही. सळई बांधून झाल्यावर आणि काँक्रीट ओतण्यापूर्वी २५ मिलिमीटरचे पाईप टाकून घ्यावेत, प्रोजेक्टर लावायचा असेल तर एचडीएमआयचे, म्हणजे चित्राच्या केबलचे, डोके जाण्यासाठी एक ३२ चा टाकावा, आणि एका पाईपमध्ये दोन बॉक्सच्या मध्ये दोनपेक्षा जास्त काटकोनी वळणे ठेवू नयेत. वळणाला बाजारी एल्बो न लावता पाईपच लांब वळवावा, म्हणजे वायर अडकत नाही. आज पाचच स्पीकर असले तरी बैठकीच्या मागे आणखी दोन जागा आणि छताला दोन जागा रिकाम्या पाईपाने तयार ठेवाव्यात. मागचे स्पीकर अगदी पाठीमागे न लावता बैठकीच्या बाजूला किंचित मागे, समोरच्या रेषेपासून ११० अंशांच्या आसपास, आणि बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा थोडे वर हवेत; तेव्हा बॉक्सच्या जागा स्लॅबच्या वेळीच, खुर्ची मांडून, ठरवाव्या लागतात. ठेकेदाराला घाई असते. ती त्याची असते.

दुसरा प्रकार उभ्या चिऱ्याच्या घराचा. चिऱ्यात झिरी मारणे हे विटेत मारण्यासारखे नाही. छिन्नीच्या घावाने चिरा ढेकळासारखा ढासळतो, दोन बोटांची झिरी चार बोटांची होते, आणि बिनप्लास्टरच्या देखण्या भिंतीचे तर मातेरेच होते. तिथे छताच्या कडेने किंवा दाराच्या चौकटीलगत पीव्हीसी पट्टी मारावी, भिंतीच्या रंगाने रंगवून टाकावी, आणि वायर दिसते याची लाज सोडावी. पश्चिमेची भिंत शक्यतो टाळावीच. तिच्यावरून जाणे भागच असेल तर बॉक्स आतल्या अंगाला ठेवावा, आणि बाहेरून आत येणाऱ्या पाईपचे तोंड खाली झुकते ठेवून वायरीला तिथे एक झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून निथळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून जाते, घरात येत नाही.

तिसरा, कौलारू घर आणि त्याचा माळा. माळ्यावरून मोकळी वायर टाकणे सर्वांत सोपे, आणि उंदरांना ते सर्वांत आवडते. पाईप घालावा.

कोणत्याही प्रकारात, वायर ओढून झाल्यावर तिच्याबरोबर एक नायलॉनची दोरी पाईपमध्येच ठेवून द्यावी. दोरी चार पैशांची असते; वायर बदलायची वेळ आली की नवी वायर तिला बांधून ओढता येते आणि भिंतीला हात लावावा लागत नाही. थेट प्लास्टरखाली गाडलेल्या वायरीला ही सोय नसते, आणि माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे. खाऱ्या हवेत कुठलीही वायर कधी तरी बदलावी लागणार, हे धरूनच घर बांधले पाहिजे.

आता टोकांविषयी, कारण आमच्याकडे वायर आधी टोकाला मरते. सोललेले तांबे उघडे ठेवून स्पीकरच्या मागच्या स्प्रिंगच्या चिमट्यात खुपसले, तर एका पावसाळ्यात ते काळवंडते आणि दुसऱ्यात हिरवे होते. टोकाला थिंबल (धातूची टोपी) किंवा बनाना पिन (टर्मिनलात खुपसायची पिन) दाबून बसवावी. सोन्याच्या मुलाम्याची पिन एरवी दिखाऊ वाटते, पण सोने गंजत नाही, म्हणून किनाऱ्यावर तिचा उपयोग आहे. वायर आणि पिन जिथे मिळतात तिथे हीट श्रिंकची, म्हणजे गरम केल्यावर आक्रसून घट्ट बसणारी, नळी चढवावी; काळी टेप गुंडाळू नये, मे महिन्याच्या उकाड्यात तिचा डिंक पाघळतो आणि धूळ धरतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या टोकांना आपण लावतो तसे बोटभर व्हॅसलीन जोड घट्ट केल्यावर वरून फासावे. आणि पाईपच्या आत जोड कधीही देऊ नये. वायर कमी पडली तर ती सगळी काढून लांब वायर घालावी.

पॉझिटिव्ह-निगेटिव्हची उलटापालट झाली तर काही जळत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. पण एक स्पीकर उलटा जोडला गेला की एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, आणि तबल्याचा डग्गा पोकळ वाजतो. तपासायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. अॅम्प्लिफायर बंद करून त्याच्याकडची वायरीची टोके सोडवावीत, ती सेलला क्षणभर टेकवावीत आणि दुसऱ्या कोणाला स्पीकरच्या मोठ्या कोनाकडे पाहायला सांगावे. लाल वायर सेलच्या टोपीला लावल्यावर कोन बाहेर उसळला तर जोडणी बरोबर, आत ओढला गेला तर उलटी. माझी नात हे काम मोठ्या हुशारीने करते आणि ‘बाहेर!’ म्हणून ओरडते.

गणपतीत आरतीचा आवाज पडवीत जावा म्हणून आतल्याच स्पीकरच्या टर्मिनलांवर आणखी एक जोडी जोडण्याची पद्धत आहे. ८ ओहमचे दोन स्पीकर असे समांतर जोडले की अॅम्प्लिफायरला ते ४ ओहमचे दिसतात, आणि ज्याच्या पाठीवर किमान ६ ओहम असे छापले आहे तो अॅम्प्लिफायर तासाभरात तापून बंद पडतो, क्वचित कायमचा. पडवीसाठी अॅम्प्लिफायरवर ‘बी’ किंवा ‘झोन २’ अशी वेगळी सोय असेल तर ती वापरावी, नसेल तर वेगळा लहान अॅम्प्लिफायर घ्यावा. पडवीत गेलेली लांब वायर वळिवाच्या आणि परतीच्या पावसात विजेचा झटका घरात आणू शकते. ढग गडगडू लागले की अॅम्प्लिफायरचा प्लग आणि ही वायर दोन्ही काढून ठेवावीत.

एक विनंती. लेखाबरोबर छापलेल्या आकृतीत स्पीकरची वायर आणि पंख्याची वायर एकाच पाईपातून जाताना दाखवली आहे. लेखाचा मजकूर लोक विसरतात, पण आकृतीचे कात्रण वायरमनच्या हातात देतात. गेल्या आठवड्यात एका गृहस्थांनी ते मलाच आणून दाखवले आणि त्यांचा स्लॅब येत्या पंधरवड्यात पडायचा आहे. तेव्हा दुरुस्त आकृती शक्य तितक्या लवकर, जमल्यास येत्या रविवारीच, छापावी.

कळावे,
आपला,
एक निवृत्त वायरमन, देवगड